वाचकांचे प्रश्न : डिस्क हळू का चालते?

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : पैसे घालून नवी डिस्क घेतली, तरी काम रेंगाळतंच. उत्तरं देताना आम्ही प्रत्येक ठिकाणी आधी वेळ नेमका कुठे जातोय ते शोधलंय आणि उपाय त्यानंतर सांगितलाय. आकडे ढोबळ आहेत, पण हिशेब आपापल्या यंत्रावर करून पाहता येईल असे आहेत.

प्रश्न : यंत्रांवरून येणाऱ्या नोंदींच्या छोट्या फाइली जुन्या १ टीबी हार्ड डिस्कवरून नव्या एनव्हीएमई एसएसडीवर (चिपवर साठवणाऱ्या, वेगवान डिस्कवर) हलवतोय. फाइली सुमारे २० लाख, प्रत्येकी सरासरी १२ केबी, सगळं मिळून २४ जीबी. खोक्यावर सेकंदाला ७,००० एमबी लिहिलंय. प्रत्यक्षात अर्धा एमबी जातोय. एसएसडी सदोष आहे का?

एसएसडी ठणठणीत आहे, फक्त ती बहुतेक वेळ रिकामी बसून आहे. घोडं अडलंय ते जुन्या डिस्कपाशी. मिनिटाला ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो सेक्टर (तबकडीवरचा छोटा कप्पा) हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. त्याआधी हेड योग्य ट्रॅकवर न्यायला साधारण ८ ते ९. एका उडीला १२-१३ मिलिसेकंद गेले, तर सेकंदाला ८०च्या आसपासच उड्या होतात. प्रत्येक फाइलसाठी दोन उड्या धरा : एक फाइल सिस्टममधल्या तिच्या नोंदीसाठी, एक मजकुरासाठी. २५ मिलिसेकंद गुणिले २० लाख म्हणजे ५०,००० सेकंद, जवळजवळ १४ तास. २४ जीबीला ५०,०००ने भागलं की तुमचा अर्धा एमबी तंतोतंत मिळतो.

इथे तीन मापं वेगळी ठेवायला हवीत. सेकंदाला किती एमबी गेले हा थ्रूपुट. सेकंदाला किती मागण्या पुऱ्या झाल्या ते आयऑप्स. आणि एका मागणीला किती वेळ लागला ती लेटन्सी. खोक्यावर छापतात तो थ्रूपुट, तोही मोठ्या, सलग फाइलचा. आयऑप्सचा आकडा छापला असेल तर तो बहुधा खोल रांगेचा असतो, म्हणजे शेकडो मागण्या एकदम डिस्कपुढे टाकल्यावरचा. एका वेळी एकच ४ केबीची मागणी केली तर चांगल्या एनव्हीएमईलाही साधारण ८० मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला १२,५०० मागण्या आणि जेमतेम ५० एमबी. हे ७,०००च्या जवळपासही नाही, आणि तरीही हार्ड डिस्कच्या दीडशेपट आहे.

तुमच्या कामाला फाइल-फाइल कॉपी सोडून देणं बरं. अख्ख्या डिस्कची ब्लॉक-प्रत घ्या, म्हणजे फाइली न पाहता सगळे सेक्टर ओळीने उतरवा. सलग वाचताना हीच जुनी डिस्क बाहेरच्या ट्रॅकवर २००, आतल्यावर त्याच्या निम्म्या वेगाने चालते. सरासरी १५० एमबी धरली तर १ टीबीला दोन तासांहून कमी लागतात. फाइली २० हजार असत्या तर साधी कॉपी आठ-नऊ मिनिटांत झाली असती आणि हा खटाटोप नको होता.

ब्लॉक-प्रत घेताना डिस्क वापरात नको, म्हणून पेनड्राइव्हवरून दुसरी सिस्टम चालू करून प्रत घ्या. स्रोत आणि लक्ष्य डिस्कचं नाव क्षमता आणि अनुक्रमांक पाहून दोनदा तपासा. उलटं झालं तर कोऱ्या डिस्कची प्रत तुमच्या नोंदींवर चढते. प्रत झाल्यावर दोन्ही डिस्क एकदम जोडून यंत्र सुरू करू नका, कारण दोघींची ओळखखूण एकच असते आणि सिस्टम गोंधळते. पार्टिशन (डिस्कचा विभाग) कुठल्या सेक्टरपासून सुरू होतं तेही पाहा. २०४८ असेल तर उत्तम. खूप जुन्या डिस्कवर ते ६३ निघतं. तो आकडा ८ने (४ केबी म्हणजे ८ सेक्टर) भागला जात नाही, त्यामुळे ४ केबीची प्रत्येक मागणी एसएसडीच्या दोन पानांवर, म्हणजे साठवणीच्या दोन एककांवर पसरते. असं असेल तर पार्टिशन सरकवून घ्या. शेवटी एकदा ट्रिम, म्हणजे कुठले ब्लॉक रिकामे आहेत हे एसएसडीला कळवणारी आज्ञा, चालवा. ब्लॉक-प्रतीत रिकामी जागाही लिहिली जाते, आणि ट्रिम होईपर्यंत एसएसडी स्वतःला पूर्ण भरलेली समजते.

प्रश्न : १ टीबीच्या क्यूएलसी एसएसडीवर व्हिडिओच्या मोठ्या फाइली टाकतो. सुरुवात १,८०० एमबीने होते आणि ४०-५० जीबीनंतर वेग १००वर येतो. डिस्क ८० टक्के भरलेली आहे.

शेवटच्या वाक्यातच कारण आहे. क्यूएलसीच्या एका पेशीत ४ बिट मावतात, पण ते लिहायला बराच वेळ लागतो. म्हणून कंट्रोलर (डिस्कमधली नियंत्रक चिप) रिकाम्या पेशींत आधी १-१ बिट भराभर लिहून घेतो आणि नंतर निवांतपणे ते चौपट दाबून बसवतो. याला एसएलसी कॅशे म्हणतात. तुमच्याकडे २०० जीबी मोकळे आहेत. १ बिटाच्या हिशेबाने त्यांत जास्तीत जास्त ५० जीबी मावणार. ते भरले की डिस्क आपल्या खऱ्या वेगावर येते, आणि जुनं दाबून बसवण्याचं कामही त्याच वेळी करत असल्याने वेग आणखी पडतो.

हीच लक्षणं उष्णतेचीही असू शकतात, तेव्हा आधी फरक ओळखा. कॅशे संपली असेल तर वेग ठरावीक जीबीनंतर पडतो आणि पडलेलाच राहतो. डिस्क काही वेळ रिकामी ठेवली की पुढची कॉपी पुन्हा जोरात सुरू होते. तापल्यामुळे असेल तर वेग खाली-वर करवतीसारखा होतो, स्मार्ट नोंदींतलं (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींतलं) तापमान ७०-८० अंशांच्या घरात दिसतं आणि पंख्याचा झोत सोडला की लगेच फरक पडतो.

१५ ते २० टक्के मोकळी जागा ही किमान समजा. तुमच्यासारखं मोठं लिखाण असेल तर निम्मी डिस्क मोकळी ठेवा किंवा टीएलसीची (पेशीत ३ बिटांची) डिस्क घ्या. ट्रिम खरोखर पोचतंय का तेही पाहा. विंडोज ते आपोआप करतं. लिनक्सवर बहुतेक वितरणांत एफएसट्रिमचा (ट्रिम करणाऱ्या आज्ञेचा) साप्ताहिक टायमर असतो, पण एन्क्रिप्ट केलेल्या विभागावर डीएम-क्रिप्ट (लिनक्सची एन्क्रिप्शन सोय) ते मूळ मांडणीत पुढे जाऊ देत नाही. ती मुभा दिली तर कुठले ब्लॉक रिकामे आहेत हे डिस्क हातात पडणाऱ्याला कळू शकतं, हे लक्षात घेऊनच ठरवा. यूएसबीच्या काही डब्यांतूनही ट्रिम जात नाही.

प्रश्न : हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस चार ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कच्या रेड ५वर (अनेक डिस्क एकत्र बांधलेल्या मांडणीवर) आहे. गेल्या आठवड्यापासून नोंद जतन करायला पाच-सहा सेकंद लागतात. आयओस्टॅट हे डिस्कचं काम मोजणारं साधन ‘यूटिल’ (डिस्क किती वेळ गुंतलेली) १०० टक्के दाखवतं. आणखी डिस्क घालाव्यात का?

अजून नको. ‘गेल्या आठवड्यापासून’ हे महत्त्वाचं आहे. क्षमता हळूहळू अपुरी पडते. एका आठवड्यात असं झालं तर काहीतरी बदललंय. पहिला संशय रेड कंट्रोलरच्या (या डिस्क चालवणाऱ्या कार्डाच्या) बॅटरीवर घ्या. बॅटरी किंवा तिच्या जागी असणारा कपॅसिटर ठीक असतो तेव्हा कंट्रोलर राइट-बॅक पद्धतीने चालतो : डेटा स्वतःच्या मेमरीत घेतला की लगेच ‘झालं’ म्हणतो आणि डिस्कवर सवडीने, रांग लावून उतरवतो. बॅटरी निकामी झाली की तो मुकाट्याने राइट-थ्रूवर जातो आणि प्रत्येक लिखाण डिस्कवर पोचेपर्यंत थांबतो. कंट्रोलरच्या साधनात चालू राइट पॉलिसी आणि बॅटरीची स्थिती दोन्ही पाहा. पॉलिसी ‘राइट-बॅक’ ठरवलेली पण चालू मात्र ‘राइट-थ्रू’, असं चित्र दिसलं की निदान झालं. काही कंट्रोलर ठरावीक काळाने बॅटरी पूर्ण उतरवून पुन्हा भरतात आणि तेवढ्या तासांपुरतं असंच होतं. ती वेळ सुट्टीच्या दिवशी लावून घ्या. बॅटरी नसताना राइट-बॅक जबरदस्तीने चालू करण्याचा पर्याय मेनूत असतो. तो वापरू नका. वीज गेली की ‘झालं’ म्हणून सांगितलेल्या नोंदी हरवतात, आणि डेटाबेसला ते कळतही नाही.

आयओस्टॅटमधला ‘यूटिल’चा रकाना एका हार्ड डिस्कपुरता खरा बोलतो. अनेक डिस्कच्या रेडवर किंवा एसएसडीवर १०० टक्क्यांचा अर्थ एवढाच, की मोजलेल्या सगळ्या काळात निदान एक मागणी चालू होती. चारांपैकी एकच डिस्क राबत असली तरी १०० दिसेल. त्याऐवजी ‘आर-अवेट’, ‘डब्ल्यू-अवेट’ (वाचनाच्या आणि लेखनाच्या मागणीला लागलेला वेळ) आणि रांगेची सरासरी लांबी पाहा. पहिली नोंद सोडून द्या, कारण ती यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढे दर ५ सेकंदांनी घेतलेल्या नोंदी वाचा. तुमच्या बाबतीत वाचण्याचा वेळ १० ते १५ मिलिसेकंद आणि लिहिण्याचा शंभराच्या पुढे असेल, तर बॅटरीचा संशय पक्का होतो.

बॅटरी बदलल्यावरही रेड ५ची मूळ मर्यादा राहतेच. छोटं लिखाण करताना जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (एक डिस्क गेली तर डेटा परत मिळवायची जादा माहिती) वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा : एका लिखाणाला चार कामं. रेड ६ला (दुहेरी पॅरिटी) सहा, रेड १०ला (प्रत्येक डिस्कची जोडप्रत) दोन. चार डिस्क गुणिले ८० म्हणजे ३२० उड्या. निम्मं वाचन आणि निम्मं लेखन असेल तर ३२० भागिले अडीच (वाचनाचं एक आणि लेखनाची चार कामं यांची सरासरी), म्हणजे सेकंदाला १२८ मागण्या. त्याच डिस्क रेड १०मध्ये लावल्या तर ३२० भागिले दीड, २१३. वापरायला मिळणारी जागा मात्र तीन डिस्कऐवजी दोन डिस्कची उरते. डेटाबेससाठी आम्ही बिनदिक्कत रेड १० सुचवू. रेड ५ मोठ्या, क्वचित बदलणाऱ्या फाइलींना ठीक.

डेटाबेसच्या बाजूनेही दोन गोष्टी तपासा. यांना खर्च नाही आणि फायदा पुष्कळदा डिस्क बदलण्यापेक्षा जास्त होतो. एक, मेमरी. मायएसक्यूएल डेटाबेसच्या इनोडीबी इंजिनाचा बफर पूल (डेटासाठी रॅममध्ये राखलेली जागा) मूळ मांडणीत फक्त १२८ एमबी असतो. यंत्रात ३२ जीबी रॅम असूनही तो तसाच राहिलेला दिसतो आणि प्रत्येक अहवाल डिस्क खरवडत बसतो. यंत्रावर दुसरं काही चालत नसेल तर रॅमच्या निम्म्याहून अधिक, ७० टक्क्यांपर्यंत तो वाढवता येतो. दोन, कमिट, म्हणजे नोंद पक्की करणं. प्रत्येक कमिटला डेटाबेस आपला लॉग (बदलांची वही) सक्तीने डिस्कवर उतरवतो, त्याला एफसिंक म्हणतात. कॅशे नसेल तर ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कवर एकामागून एक असे कमिट सेकंदाला १२०च्या वर जात नाहीत, कारण डिस्क सेकंदाला तेवढ्याच वेळा फिरते. १ लाख ओळी आयात करताना ओळीगणिक कमिट केलं तर निव्वळ त्यात १४ मिनिटं जातात. दर हजार ओळींना एक केलं तर सेकंदभर. लॉगसाठी स्वतंत्र एसएसडी घेणार असाल तर वीज गेल्यावर हातातलं काम पुरं करणारे कपॅसिटर असलेलीच घ्या. घरगुती एसएसडीत ते सहसा नसतात, त्यामुळे एफसिंक आलं की त्यांचा आकडा झपकन खाली येतो.

प्रश्न : डीडी (लिनक्समधली डेटा उतरवणारी आज्ञा) वापरून वेग मोजला. साध्या हार्ड डिस्कवर सेकंदाला २.१ जीबी आला! हे खरं मानायचं का?

नाही, तो तुमच्या रॅमचा वेग आहे. लिनक्सने डेटा पेज कॅशेत, म्हणजे रॅममध्ये घेतला आणि डीडी मोकळा झाला. डिस्कवर तो नंतर उतरला. ‘ओफ्लॅग’मध्ये ‘डायरेक्ट’ द्या किंवा ‘कॉन्व्ह’मध्ये ‘एफडेटासिंक’ द्या, म्हणजे आकडा जमिनीवर येईल. शिवाय डीडीला सगळी शून्यंच लिहायला दिली असतील, तर कॉम्प्रेशन चालू असलेल्या झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइल सिस्टमवर ती जवळजवळ लिहिलीच जात नाहीत.

नेटकं मोजायचं तर एफआयओ हे चाचणीचं साधन वापरा. ‘डायरेक्ट’ चालू, ब्लॉक ४ केबी, विखुरलेलं ७० टक्के वाचन आणि ३० टक्के लेखन, चाचणीची फाइल रॅमच्या दुप्पट. वेळ १० मिनिटं ठेवा, म्हणजे एसएलसी कॅशेचा पहिला बहर ओसरतो. इंजिन (मागण्या पाठवायची पद्धत) ‘लिबएआयओ’ किंवा ‘आयओ-यूरिंग’ निवडा. लिनक्सवरचं मूळ इंजिन एका वेळी एकच मागणी पाठवतं, त्यामुळे रांगेची खोली ३२ लिहिली तरी ती १च राहते, आणि ‘रांग वाढवून काही फरक पडत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. चाचणी नेहमी फाइलवर चालवा. डिस्कचं नाव थेट देऊन लेखन-चाचणी केली तर त्यावरचं सगळं पुसलं जातं.

रांगेची खोली १, ४, १६, ३२ अशी वाढवत जा. समजा १ला १०,००० आयऑप्स आणि ०.१ मिलिसेकंद आले. १६ला ६०,००० आणि ०.२७, ३२ला ६२,००० आणि ०.५२. शेवटच्या पायरीत काम वाढलं नाही, थांबणं दुप्पट झालं. म्हणजे या डिस्कची धाव १६च्या आसपास संपते. खोलीला लेटन्सीने भागलं की आयऑप्स यायला हवेत. हे गणित जुळलं नाही तर मोजण्यातच चूक आहे. सरासरीपेक्षा ९९वं पर्सेंटाइल पाहा. सरासरी ०.३ आणि ९९वं ४० मिलिसेकंद असेल, तर दर शंभरात एक मागणी चांगलीच अडकतेय, आणि एका स्क्रीनमागे शेकडो मागण्या असतात, तेव्हा वापरणाऱ्याला जाणवते ती नेमकी तीच.

प्रश्न : एसएसडी दर महिन्याला डीफ्रॅग करावी का?

करू नये. हेड हलवायचंच नसल्याने फाइलींचे विखुरलेले तुकडे जोडून फायदा नगण्य होतो आणि पेशींची लिखाणं उगाच खर्ची पडतात. विंडोजमधलं ‘ऑप्टिमाइझ’ एसएसडी ओळखून ट्रिम करतं; ते चालू असू द्या.

प्रश्न : नॅसमध्ये (नेटवर्कवरच्या साठवण-यंत्रात) हार्ड डिस्क काढून एसएसडी घातल्या. मोठी फाइल घेताना पूर्वीही ११२ एमबी मिळत होते, आताही ११२च.

ती तुमच्या नेटवर्कची भिंत आहे. १ गिगाबिट म्हणजे १२५ एमबी, त्यातून पॅकेटांचं वेष्टन वजा केलं की ११० ते ११८ उरतात. दोन गिगाबिट केबली एकत्र बांधल्या तरी एका कॉपीला सहसा एकच केबल मिळते. २.५ गिगाबिटची कार्डं आणि स्विच घेतलेत तर २८०च्या आसपास जाल, आणि असलेली कॅट ५ई केबल त्याला चालते. छोट्या फाइली आणि एकाच वेळी अनेकांचं काम यांत मात्र एसएसडीचा फायदा आताही दिसला पाहिजे. आकडा कधी ११-१२वर आला तर जोडणी १०० मेगाबिटवर घसरलीय असं समजा. केबलच्या चारपैकी एखाद्या जोडीची तार तुटली किंवा क्लिपमध्ये नीट बसली नाही की असं होतं.

प्रश्न : रेडमधली एक डिस्क बदलली. पुनर्बांधणी (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) सुरुवातीला बरी चालली, मग आठवडाभर रखडली आणि शेवटी कंट्रोलरने नवी डिस्कच बाहेर काढली.

नव्या डिस्कच्या माहितीपत्रकात ‘एसएमआर’ लिहिलंय का पाहा. अशा डिस्कवर ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात; मधलं एक बदलायचं तर पुढची सगळी ओळ उचलून पुन्हा मांडावी लागते. आलेलं लिखाण डिस्क आधी एका साध्या पट्ट्यात साठवते आणि रिकाम्या वेळात जागेवर लावते. पुनर्बांधणीत रिकामा वेळ मिळत नाही. पट्टा भरला की एकेका मागणीला कित्येक सेकंद लागतात आणि कंट्रोलर डिस्क मेली असं समजतो. रेडसाठी सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेल्या डिस्कच घ्या. एसएमआर एकदा लिहून कपाटात ठेवायच्या बॅकअपला वापरा.

प्रश्न : डिस्क मधूनच काही सेकंद गोठते, मग नीट चालते. काय तपासावं?

स्मार्ट नोंदी. साटा जोडणीच्या डिस्कवर चार क्रमांक पाहा. ५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्याने ताटकळत ठेवलेले, १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे, आणि १९९ म्हणजे केबलवरून जाताना डेटा किती वेळा बिघडला ते. १९७ शून्याहून जास्त असेल तर गोठण्याचं कारण बहुधा तेच : डिस्क तो सेक्टर पुन्हा पुन्हा वाचून पाहते आणि तोवर बाकी सगळं थांबतं. अशा वेळी डिस्क-तपासणीची साधनं चालवू नका, ती मरू घातलेल्या डिस्कला आणखी राबवतात. आधी डीडीरेस्क्यू या साधनाने प्रत काढा, नकाशा फाइल (काय उतरलं, काय राहिलं याची नोंद) देऊन. तो सोपा भाग आधी उचलतो, अडलेले सेक्टर शेवटी ठेवतो आणि मध्येच बंद पडला तरी तिथूनच पुढे सुरू होतो.

हे तिन्ही शून्य आणि १९९ वाढत असेल तर डिस्क बहुधा चांगली आहे, दोष केबलमध्ये किंवा सॉकेटमध्ये आहे. केबल बदलल्यावर १९९चा आकडा शून्यावर येत नाही, तो फक्त वाढायचा थांबतो. आजचा आकडा लिहून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा पाहा.